श्री. क्ष यांची संमती

"घर में बहू नहीं थी क्या?" अनुपमनं विचारलं, आणि प्रतिमाच्या हातून पेनाचं टोपण सुटून बाकाखाली गेलं. प्रश्न तसा साधा होता. रविवारच्या वर्गात असे पन्नास प्रश्न निघत, आणि अनुपम तर चोवीस वर्षांचा, उत्साही. हात वर केल्याशिवाय त्याला करमतच नसे. पण टोपण उचलायला ती वाकली ती वाकलेलीच राहिली, कारण वर बघायची तिला हिंमत होईना. वर दुबे मॅडमच्या हातात तिची वही होती. केस क्रमांक चौदा. जबलपूरच्या राइट टाउन भागातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, समुपदेशक होऊ घातलेल्या बावीस जणांसमोर, केस कशी लिहावी याचा नमुना म्हणून मॅडम ती वही वीस मिनिटं मोठ्यानं वाचत होत्या. श्री. क्ष, आयु अठहत्तर वर्ष, सेवानिवृत्त, विधुर. पत्नीला विस्मरणाचा आजार होता. एका दुपारी ती एकच प्रश्न विचारत राहिली, बेटा स्कूल से आया क्या. अकरा वेळा विचारला, आणि बाराव्या वेळी श्री. क्ष यांनी तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं, भैया, मुझसे कुछ गलती हो गई क्या? हे वाक्य मॅडमनी दोनदा वाचलं. आवाज चांगला आहे त्यांचा. मागच्या बाकावर कुणीतरी च्-च् केलं, कुणीतरी म्हणालं की अशा माणसाची तर तक्रारच करायला हवी, आणि प्रतिमानं, हो, तिनंच, मान हलवली. इतरांनी हलवली म्हणून हलवली. आणि मग अनुपमनं सुनेचं विचारलं.

मॅडम खूश झाल्या. अच्छा सवाल है, म्हणाल्या. वहीतलं पान उलटून त्यांनी शीर्षकावर बोट ठेवलं: परिवार का सहयोग. प्रतिमा जी ने लिखा है, अल्प. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "तो बहू थी, प्रतिमा जी?" प्रतिमा टोपण घेऊन सरळ बसली. "थी," ती म्हणाली. सगळा वर्ग आपल्याकडे बघतोय असं वाटून तिनं पुढं जोडलं, "नौकरी करती थी." मॅडमनी फळ्यावर लिहिलं की देखभाल करणारा एकटा होता, घरातल्या इतरांनी आपापली सोय बघितली, आणि आपण केलं ते बरोबरच होतं अशी कारणं शोधून ठेवली, याला मनाची बचाव करायची रीत म्हणतात, गेल्या महिन्यात आपण शिकलो. बावीस पेनं चालली. त्यात एक प्रतिमाचंही होतं. स्वतःचीच गोष्ट तिनं फळ्यावरून उतरवून घेतली, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. आता याला काय म्हणावं? मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच असेल, तर मग माणूस त्यातही समास सोडून लिहू शकतो म्हणायचं.

तास सुटायच्या आधी मॅडमनी आणखी एक सांगितलं, आणि खरा घाव तो होता. परीक्षेला बसण्यापूर्वी प्रत्येकाच्या केसची खातरजमा व्हायची होती. संमतिपत्रावर जो फोन नंबर दिलाय त्यावर मॅडम स्वतः आज चारनंतर फोन करणार होत्या. दोनच गोष्टी विचारायच्या. सही तुमचीच आहे ना, आणि कशावर सही करताय ते तुम्हाला माहीत होतं ना. मागच्या वर्षी एकानं स्वतःच्या मावशीवरच सराव करून तो परक्या बाईच्या नावानं खपवला होता, म्हणून हे. घरच्या माणसावर सराव करायचा नाही, हा नियम त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितला होता: घरच्या माणसाचं आपण कधी ऐकतच नसतो, आपण आपलंच ऐकत असतो. दुसरा नियम, "क्यों" असं कधी विचारायचं नाही. काय झालं, कसं वाटलं, मग काय केलंत, हे विचारा. "क्यों" म्हटलं की माणूस पिंजऱ्यात उभा राहतो. तिसरा, खुर्ची अगदी समोरासमोर ठेवायची नाही, जराशी तिरकी ठेवायची, म्हणजे बोलणाऱ्याला नजर टाळायची सोय राहते. प्रतिमानं दुसरा आणि तिसरा नियम काटेकोर पाळला होता.

जिन्यात रुचिरा भेटली. वर्गात मराठी अशा या दोघीच. रुचिराला मराठी कळायचं सगळं, पण बोलायला लागली की चार शब्दांवर हिंदीत घसरायची. गणपतीत मंडळाच्या जेवणाला तिच्या घरचे आणि प्रतिमाच्या घरचे एकाच पंगतीला बसत. प्रतिमाच्या सासऱ्यांना, भय्यासाहेबांना, ती आजोबा म्हणून वाकून नमस्कार करी. "काकू, तुमची केस एकदम जबरदस्त होती," ती म्हणाली. "कुठले आहेत ते आजोबा?" प्रतिमानं क्षणभरही विचार केला नाही. मझौलीकडचे आहेत कुणी, म्हणाली, शेतीवाडी आहे, ओळखीतून मिळाले. इतकं गुळगुळीत खोटं आपल्याला येतं हे तिला आजवर माहीत नव्हतं. चौतीस वर्षं जबलपुरातल्या तोफगाड्यांच्या कारखान्यात निरीक्षक असलेल्या माणसाला तिनं उभ्या उभ्या मझौलीचा शेतकरी करून टाकलं आणि स्कूटरची किल्ली शोधत राहिली.

स्कूटर घराकडे, रांझीच्या दिशेला लागली तेव्हा चार वाजायला अडीच तास होते. चारच्या आत बाबांना, म्हणजे भय्यासाहेबांना, सांगायचं. एवढंच करायचं होतं. मॅडमच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळू दे. पण काय सांगायचं? बाबा, नोव्हेंबरमध्ये तुमच्याकडून ज्या सह्या घेतल्या त्यात एक कागद माझा होता. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, दवाखान्याच्या बिलांचे तीन फॉर्म, बँकेचं एक पत्र, आणि त्यांच्या मध्ये घातलेलं ते संमतिपत्र. मध्ये घातलं होतं, हे महत्त्वाचं. सगळ्यात वर नाही, सगळ्यात खाली नाही. कुठं सही करायची त्या जागी पेन्सिलनं फुली करून ठेवली होती. तिला खरी केस मिळाली होती खरं तर, शेजारच्या कॉलनीतली एक बाई. पण ती दोन वेळा आली आणि तिसऱ्या वेळी तिनं दार उघडलं नाही. सोळा तास ऐकण्याचा सराव भरायचा होता. शाळेत प्राथमिकचा एक वर्ग कमी होणार होता, समुपदेशकाची जागा निघणार होती, डिप्लोमा नसला तर घरी बसावं लागलं असतं. कारणं सगळी खरी होती. सगळी खरी असूनही त्यांच्यावर जीव विसावत नव्हता.

आणि भय्यासाहेब तर असे, की न मोजता त्यांनी आयुष्यात काही पास केलं नाही. कारखान्यात केसभर फरकासाठी सगळा लॉट परत पाठवायचे म्हणे. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी अजून सहीखाली तारीख आणि तारखेखाली वेळ घालतात. त्या दिवशीही घातली होती, अकरा चाळीस. खुर्चीवर बसून त्यांनी कागद हातात घेतले, भिंग काढलं, आणि मग म्हणाले, आधी चहा आण, बिनसाखरेचा, आणि गोळीही आण. ती चहा करून, गोळी शोधून परत आली तोवर सगळ्या सह्या झालेल्या होत्या आणि कागद एकावर एक नीट लावून ठेवलेले होते. न वाचताच केल्या, तिला वाटलं. सून आहे, म्हणून भरवशानं केल्या. त्या भरवशाची तेव्हा तिला केवढी सुटका वाटली होती. आज स्कूटरवर, सिग्नलला थांबल्यावर, तोच भरवसा आठवून कानशिलं तापली.

मग सगळा हिवाळा गच्चीवर गेला. जबलपूरचा हिवाळा म्हणजे मटार. पोत्यानं आणायचे, उन्हात बसून सोलायचे, पिशव्या भरून वर्षभरासाठी ठेवायचे. आई, तिच्या सासूबाई, असताना हे काम त्यांचं आणि भय्यासाहेबांचं होतं. यंदा प्रतिमानं खुर्ची जराशी तिरकी टाकली, मांडीवर ताट घेतलं, आणि ऐकायला सुरुवात केली. एकवीस वर्षांत या माणसाशी तिचं जे काही बोलणं झालं होतं ते एका पानात मावलं असतं: गॅस बंद केला का, आल्हादचा फोन आला का, पाणी किती वाजता येतंय. तिचा नवरा आल्हाद रेल्वेत, पंधरा दिवस इथं, पंधरा दिवस बाहेर, बापलेकांतही याहून जास्त होत नसे. आणि आता ती नुसती त्यांचं शेवटचं वाक्य जरा फिरवून परत म्हणायची, "म्हणजे तुम्हाला एकटं पडल्यासारखं झालं," की म्हातारा माणूस बोलत सुटायचा. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा तिला जादू सापडल्यासारखं वाटलं. मनातल्या मनात तिनं तास मोजला, आणि खाली येऊन नोंद केली. तिसऱ्या आठवड्यात ते आपण होऊन गच्चीवर तिची वाट बघायला लागले. तिच्यासाठी खुर्ची टाकून ठेवायचे, तशीच तिरकी, तिनं टाकली होती तशी. मंडळातल्या कुणाला तरी फोनवर म्हणाले, आमची प्रतिमा फार छान ऐकते हो. ती जिन्यातच होती. तिनं ते ऐकलं आणि चार पायऱ्या खाली उतरून पुन्हा, पाय वाजवत, वर आली.

थोबाडीत मारल्याचं त्यांनी अकराव्या तासाला सांगितलं. शेंगा सोलता सोलता, खाली बघत. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, मंगळवार होता, दुपार होती, म्हणाले, तुझी शाळेत मीटिंग होती त्या दिवशी. दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार. ती "हं" म्हणाली, आवाज बदलू दिला नाही, डोळे त्यांच्यावर ठेवले, सगळं शिकवल्यासारखं केलं. मग ते आईंच्या प्रश्नावर आले, मग त्या अकरा वेळांवर. हात दाखवला त्यांनी, उजवा, पालथा. "हाच," म्हणाले. आणि ती म्हणाली, "म्हणजे ते अजूनही तुम्हाला खुपतं." भय्यासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. काही विचारेल असं त्यांना वाटलं असावं. तिनं विचारलं नाही. रात्री वहीत तिनं अपराधभाव असं शीर्षक घातलं आणि दीड पान लिहिलं, आणि ते दीड पान चांगलं उतरलंय म्हणून तिला, आता सांगायला लाज वाटते, समाधानही वाटलं.

मीटिंग नव्हती त्या मंगळवारी. हे तिला ते सांगत असतानाच आठवलं होतं आणि तिनं ते बाजूला सारलं होतं, शेंगेतला किडका दाणा सारावा तसं. त्या काळात आईंना ती एक क्षण सोडवत नव्हती. स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या दाराशी, सगळीकडे आई मागे मागे, पदर धरायच्या. सकाळी शाळेत जायला निघताना तिला इतकं हलकं वाटायचं की ते कुणाला दिसू नये म्हणून ती कपाळाला आठ्या घालून निघायची. त्या मंगळवारी दोनपर्यंत येते म्हणाली होती. दीडला शाळा सुटली. स्टाफरूममध्ये बसली, पंख्याकडे बघत. मग सदरच्या बाजारात जाऊन एकटीनं कॉफी प्यायली, दोन कप. दुकानांच्या काचांतून साड्या पाहिल्या, एकही घ्यायची नव्हती. सहाला घरी आली आणि म्हणाली, मीटिंग लांबली. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजलेल्या होत्या. भय्यासाहेब दिवा न लावता खुर्चीत बसले होते. दिवा तिनं लावला. त्यानंतर वर्षभरानं आई गेल्या, आणि परिवार का सहयोग या शीर्षकापुढं काय लिहावं असा प्रश्न पडला तेव्हा, प्रामाणिकपणाच्या कसल्या तरी झटक्यात, तिनं लिहिलं, अल्प. परक्या घराबद्दल लिहावं तसं लिहिलं. लिहून मोकळी झाली असं तिला वाटलं होतं.

आणि होडीचं तर तिनं लिहिलंच नव्हतं. भेडाघाटची होडी. आईंचं विसरणं नुकतं कुठं सुरू झालं होतं, सगळे मिळून गेले होते. संगमरवरी कड्यांमधून होडी फिरून काठाला लागली, सगळे उतरले, आई उतरेनात. आत्ताच तर बसलोय, म्हणाल्या. लोक हसले, नावाडी वैतागला. भय्यासाहेब काही न बोलता परत चढले, आईंची पर्स मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले, आणि दुसरी फेरी घेतली. मग तिसरी. नावाड्याची तीच ती वर्णनं तिसऱ्यांदा ऐकताना ते आईंना बोटानं कडे दाखवत होते, बघ, तो बघ, जणू काही तेही पहिल्यांदाच बघताहेत. प्रतिमा काठावर उभी राहून घड्याळ बघत होती. ही होडी कुठल्याच शीर्षकाखाली बसत नव्हती म्हणून गाळली. लॉट नापास करायला तेवढंच पुरेसं होतं, भय्यासाहेब म्हणाले असते.

घरी पोचली तेव्हा दोन वाजले होते. भय्यासाहेब जेवायचे थांबले होते. तिनं वाढलं, जेवताना सांगू म्हटलं, पण घास तोंडात असलेल्या माणसाला काय सांगायचं. जेवल्यावर ते पेपर घेऊन बसले, मग वाचता वाचता डोळा लागला, आणि निजलेल्या माणसाला उठवून हे सांगतात का? तिला स्वतःचीच गंमत वाटली, इतकी ती बहाणे शोधण्यात तरबेज होती. मॅडमनी शिकवलेली प्रत्येक युक्ती तिला ओळखू येत होती आणि ओळखून काडीचा उपयोग होत नव्हता. तीन वाजले. साडेतीनला ते उठले, म्हणाले, चल गच्चीवर, थोडे मटार राहिलेत. ती म्हणाली, चहा टाकते, मग जाऊ. चहाबरोबर सांगायचं, हे तिनं पक्कं केलं. पातेल्यात पाणी घातलं, आलं किसलं. वाक्यही जुळवलं. बाबा, माझ्याकडून तुमचा विश्वासघात झालाय. मग वाटलं हे फार पुस्तकी झालं. बाबा, मी चुकले. पाण्याला उकळी आली आणि बाहेरच्या खोलीत त्यांचा मोबाइल वाजला. चार वाजून दोन मिनिटं झाली होती. दुबे मॅडम वेळेच्या पक्क्या आहेत.

ती ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर जाऊन फोन काढून घ्यावा, असंही मनात आलं. भय्यासाहेबांचा फोनवरचा आवाज मुळातच मोठा. "हाँ जी, बोल रहा हूँ." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग म्हणाले, "साइन मेरे ही हैं." पुन्हा ऐकणं. चहा उतू गेला, गॅस विझला, तिनं बटण बंद केलं एवढं तिला कळलं. "जी, पढ़कर किए थे," भय्यासाहेब म्हणाले. "मैं बिना पढ़े साइन नहीं करता." मग नमस्ते झालं.

बाहेर आली तेव्हा ते खुर्चीत बसून भिंग पुसत होते. तिला बसायला सांगितलं नाही, रागावलेही नाहीत. तिच्या मॅडमचा फोन होता, म्हणाले, आवाज चांगला आहे बाईंचा. ती उभीच. तिला विचारायचं होतं की तुम्ही वाचलं होतं, सगळं, पहिल्याच दिवशी? विचारायची गरज नव्हती. चहा आण, गोळी आण, हे कशासाठी होतं ते तिला आत्ता, चार महिन्यांनी, कळत होतं. सून खोलीत असताना तिचा चोरून घातलेला कागद वाचायचा नाही, एवढी त्यांनी तिची अब्रू राखली होती. म्हणजे पहिल्या तासापासून त्यांना माहीत होतं. तिचं मान हलवणं, तिचं वाक्य परत म्हणणं, तिरकी खुर्ची, सगळं कशासाठी ते माहीत होतं, आणि तरी ते रोज खुर्ची टाकून तिची वाट बघत होते. लाज लपवता येते तोवर तिला निदान एक कोपरा असतो. प्रतिमाचा तो कोपराही गेला.

"नातं विचारलं नाही त्यांनी," भय्यासाहेब म्हणाले. "मीही सांगितलं नाही. ते तुझं तू सांग."

सांगते, ती म्हणाली. उद्याच सांगते.

"नात्याच्या जागी परिचित लिहून ठेवलं होतं तू त्या कागदावर." ते भिंगाकडे बघत होते. "वाचून जरा वाईट वाटलं. मग म्हटलं, बरोबरच आहे. तोवर तेवढंच होतं."

मग त्यांनी वही मागितली. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? तिनं पिशवीतून काढून दिली. मुखपृष्ठावर मॅडमच्या लाल शाईत उत्तम असं लिहिलेलं होतं. त्यांनी टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली, कारखान्यात वापरायचे तशी, आणि भिंग धरून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. बेचाळीस पानं. ती समोर बसून राहिली. एकेका पानाला तिला वाटे, आता थांबतील. थांबले नाहीत. परिवार का सहयोग या पानावरही नाही. तिथं फक्त एकदा घसा साफ केला. अपराधभावाच्या पानावर पेन्सिल थांबली. बेटा स्कूल से आया क्या, या ओळीखाली त्यांनी बारीक रेघ मारली, पट्टी न घेता, पण सरळ.

"हे चुकलंय," म्हणाले. "तुझं नाही. मीच चुकीचं सांगितलं होतं."

तिला कळेना. म्हणजे तुम्हाला असं वाटतं की, इथपर्यंत वाक्य सवयीनं तिच्या जिभेवर आलं, आणि तिथंच मेलं. सोळा तासांत तिनं जो 'का' एकदाही विचारला नव्हता तो, घरच्या बोलीत, तिच्या तोंडून निघून गेला.

"काहून, बाबा?"

भय्यासाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. खाली गल्लीत भाजीवाल्याची हाक आली आणि पुढं गेली.

"आल्हादचं नव्हती विचारत ती," ते म्हणाले. "तुझं नाव घेऊन राहिली होती. प्रतिमा कधी येते, प्रतिमा कधी येते. दारात जाऊन उभी राहायची, परत यायची, परत विचारायची. मी म्हणून राहिलो होतो, दोनला येते. मग दोन वाजून गेले. तीन वाजले. मला काय सांगावं ते सुचेना." उजवा हात त्यांनी उलटा करून मांडीवर ठेवला होता. "तुला सांगायचं म्हणून तर सांगायला बसलो होतो त्या दिवशी. मग वाटलं, हे चार लोक वाचणार. त्यात तुझं नाव कशाला? म्हणून आल्हाद म्हटलं."

प्रतिमाला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. तिनं वहीत त्यांचं नाव लपवलं होतं, ते स्वतःसाठी. नियम मोडल्याचं कळू नये म्हणून. आणि या माणसानं, आयुष्यातलं सगळ्यात काळं जे काही त्याच्याजवळ होतं ते सांगताना, तिचं नाव लपवलं होतं. वर्गात बावीस जणांसमोर ती ज्या प्रश्नानं वाकली तो प्रश्न, घरात सून नव्हती का, यांना त्या दुपारी बारा वेळा ऐकावा लागला होता, आईंच्या तोंडून, आणि त्याचं उत्तर त्यांच्याजवळही नव्हतं. उत्तर सदरला बसून कॉफी पीत होतं. ते आजवर तिनं आल्हादला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. ते सांगितलं नाही तरी आता चालण्यासारखं होतं. भय्यासाहेबांनी काही विचारलेलं नव्हतं, आणि विचारणारही नव्हते.

"त्या दिवशी शाळेत मीटिंग नव्हती, बाबा," ती म्हणाली.

भय्यासाहेबांनी वही मिटली आणि टेबलावर बाजूला ठेवली. मग दोन्ही हात टेकून ते जरा उठले, आपली खुर्ची थोडी तिरकी केली, आणि तिचं पुढचं ऐकायला बसले.